पुसल्याची पोच

बायजाबाई बाबरांच्या मसाल्यात हुलगे, म्हणजे कुळीथ, असतात ही गोष्ट सहासष्ट वर्षं फक्त दोन ठिकाणी ठाऊक होती: एक खुद्द बायजाबाईंच्या पोटात, आणि दुसरं त्यांचा मसाला कुटणाऱ्या देवकरांच्या डंकावर. सहासष्ट वर्षं झाकलेली ही गोष्ट चारशे माणसांपर्यंत पोचायला सात मिनिटं पुरली. ती पोचवली शालन देवकरने, भर सकाळी, अगदी शुद्धीत असताना, आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याने.

बोरगेवाडी हे विट्याकडचं गाव. तिथली निम्मी घरं गलाईवाल्यांची, म्हणजे सोनारांकडची जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणाऱ्यांची. हा धंदा गावात बसून होत नाही. त्यामुळे थोरला भाऊ कोइमतूरला, मधला कलकत्त्याला, धाकटा गुवाहाटीला, आणि गावात म्हातारी माणसं व दारांना कुलपं अशी तिथली तऱ्हा. पण माणूस कुठेही जाऊन राहिला तरी त्याच्या जिभेचा पत्ता बदलत नाही. चैत्र लागला की या सगळ्या घरांचा कांदा-लसूण मसाला बोरगेवाडीच्याच डंकावर कुटला जायचा आणि डबे भरभरून देशभर रवाना व्हायचे.

डंक म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं. सहा मुसळं सहा उखळांत आळीपाळीने आदळत राहतात आणि असा काही धडधडाट करतात की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाची बेडगी मिरची जास्त, कुणाची संकेश्वरी, कुणी दगडफुलावर जीव टाकणारं. हे प्रमाण घरची बाई कुणाला सांगत नाही. सांगते ती फक्त डंकवालीला, आणि डंकवालीने ते गिळून बसायचं.

देवकरांच्या डंकावर एक जुनी रीत होती. उखळात जिन्नस टाकण्याआधी शालन घरच्या बाईच्या कानाशी वाकून तिचं प्रमाण तिला वाचून दाखवायची. बाईने "हं" म्हटलं की मगच टाकायचं. पलीकडे दहाजणी डबे घेऊन बसलेल्या असत, पण मुसळांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जायचं नाही. शालनची सासू म्हणायची, "ज्या डंकावरनं घराचं प्रमान भाईर गेलं, त्या डंकावर पुन्ना कोन येत न्हाई." सासूने तीस वर्षं आणि शालनने छत्तीस वर्षं ही रीत सांभाळली होती.

सन २०३८च्या चैत्रात बायजाबाईंचे गुडघे बसले. वय त्र्याऐंशी. त्यांनी निरोप धाडला, "यंदा काय माझ्यानं डंकावर येणं व्हत न्हाई. तुझ्या पानावरच वाचून दाव. माझा फोन मला वाचून सांगतूय. मी हं म्हंते."

हे पान म्हणजे शालनच्या डंकाची जगातली पाटी. त्याआधी तिचं पान एका बड्या कंपनीच्या जाळ्यावर होतं. नऊ वर्षं तिने तिथे गिऱ्हाइकं जोडली आणि एके दिवशी त्या कंपनीच्या यंत्राने तिच्या लाल भुकटीच्या चित्रफितीत काहीतरी संशयास्पद पाहिलं. पान बंद झालं. शालनने सतरा वेळा अर्ज केला, आणि सतरा वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत आलं. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कौतुकाचे शब्द सगळं गेलं. त्या दिवसांत ती जेवणावरून उठून जायची. मालकीणबाई कसल्या, आपण तर भाडेकरूही नव्हतो, असं तिला वाटायचं.

मग गावात पार आला. वाचनालयाच्या माळ्यावर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र, छपरावरच्या सौरपट्टीवर चालणारं. ते सांभाळायचे अमीर मुजावर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, ज्यांना अजूनही तार दिसली की ती कुठून कुठे जाते ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी शालनला समजावलं होतं ते असं:

"वहिनी, आधी सगळं जग एकाच्या वाड्यात भाडं भरून राहत होतं. आता प्रत्येक गावाने आपापला पार बांधलाय. पार ज्याचा त्याचा, नियम ज्याचे त्याचे. पण सगळे पार एकमेकांशी एकाच ठरलेल्या भाषेत बोलतात, जशी सगळी टेलिफोन केंद्रं बोलायची. तुमचं पान आपल्या पारावर राहणार. कोइमतूरच्या माणसाला ते बघायचं असेल तर तो तुमच्या पानाला नाव जोडणार, आणि तुम्ही काही लिहिलं की आपला पार त्याची एक प्रत त्याच्या पाराकडे धाडणार. प्रत्येक प्रतीवर तुमची गुप्त मोहोर. दुसरा कुणी शालन देवकर म्हणून लिहू शकत नाही. आणि उद्या माझा पार तुम्हाला नको झाला, तर मोहोर घ्या नि दुसऱ्या पारावर जा. जोडलेली माणसं तुमच्या मागोमाग येतील. ती माझी नाहीत, तुमची आहेत."

शालनने पानाच्या माथ्यावर डंकाच्या वेळा, रस्ता आणि कुटणावळ लावून टाकली. खाली कधी नव्या मिरचीची खबर, कधी "आज वीज नाही, येऊ नका". झालं संकेतस्थळ. ना कुणाला पैसे देऊन बांधून घेतलं, ना कुणाची मिनतवारी केली. तीन वर्षांत त्रेचाळीस पारांवरची चारशे माणसं जोडली गेली, आणि शालनला पुन्हा मालकीण झाल्यासारखं वाटू लागलं.

आणि त्या सकाळी तिने त्याच पानावर बायजाबाईंचं प्रमाण लिहिलं. मुसळं धडधडत होती, पाच-सहाजणी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, आणि त्या आवाजात शालनला रोजच्यासारखं आडोशाला असल्यासारखं वाटत होतं. "आत्या, वाचून दाखवते," असं म्हणत तिने लिहिलं, बेडगी तीन किलो, संकेश्वरी दोन, धने दीड, खोबरं पाव, हुलगे पाऊण, असं पार हिंगापर्यंत. खाली दोन खुणा होत्या: 'फक्त या घराला' आणि 'सगळ्यांना'. रोज पानावर खबरी टाकणारा अंगठा सवयीने दुसऱ्या खुणेवर पडला. डंकाचा गोंगाट पानावर जात नाही, हे त्या क्षणी तिच्या डोक्यातच आलं नाही.

सात मिनिटांनी तिने फोन पुन्हा पाहिला तर कलकत्त्याहून कुणीतरी विचारत होतं, "हुलगे? बैलाला घालतात ते?" आणखी कुणी लिहिलं होतं, "बाबरांच्या मसाल्याची ही गंमत होय! आम्हाला वाटायचं खोबऱ्यालाच काही करतात."

शालनने मोटार बंद केली. एकदम शांत झालं तशा सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. तिने 'पुसा' दाबलं आणि पायात चपला न घालता वाचनालयाकडे निघाली.

मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पडद्यावर एक यादी उघडली. "पुसा म्हटलंत ते बरं केलंत. आता आपला पार प्रत्येक पाराला तुमच्या मोहोरेचा निरोप धाडतो, की माझं हे लिखाण काढून टाका. तो पार मोहोर तपासतो, प्रत पुसतो आणि पुसल्याची पोच पाठवतो."

"म्हणजे गेलं ना सगळं?"

"थांबा. हे टपालासारखं आहे, वहिनी. पाठवलेलं पत्र परत मागता येतं, हिसकावून घेता येत नाही. एखाद्याचं यंत्र बंद असलं तर तो उठल्यावर पुसेल. एखाद्याचा नियमच वेगळा असला तर तो आधी विचारेल."

दोघं यादीकडे बघत बसली. एकेका नावापुढे हिरवी खूण उगवत होती. पाऊण तासात चाळीस झाल्या. तीन नावं तशीच राहिली: गुवाहाटी, लीड्स आणि कोइमतूर.

"चाळीस पुसल्या गेल्या," मुजावर हळूच म्हणाले. "उरलेल्या तिन्हीही होतील. बायजाआत्या काही पान उघडून बघत नाहीत, आणि त्यांचा फोन फक्त त्यांच्या घराला आलेलं तेवढं वाचतो. त्यांच्या कानावर जायचं कारण नाही."

आत्यांना कळणार नाही, याने शालनला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

यादीत प्रत्येक पाराखाली तो सांभाळणाऱ्याचं नाव आणि नंबर होता. बड्या कंपनीला सतरा अर्ज करताना तिला एकही नाव मिळालं नव्हतं. इथे मागायला माणूस होता. तिने गुवाहाटीला फोन लावला. तो पार सयाजी साळुंखे नावाच्या गलाईवाल्याच्या दुकानात होता.

"वादळ झालं, वहिनी, कालपासनं लाइट न्हाई," सयाजी म्हणाला. "मशीन निजलंय. उठलं की आदी समद्यांना दाखवंल नि मग पुसंल. थांबा." तो समोरच्या दवाखान्यातून बॅटरी उसनी घेऊन आला, लोकांची लाइन तोडून एकटं यंत्र उठवलं, आणि अर्ध्या तासाने हिरवी खूण उगवली. पाठोपाठ त्याचा निरोप आला, "काय हुतं त्ये म्या बघितलं न्हाई. घरात बाबरांचाच मसाला हाय, पर न्हाई बघितलं."

लीड्सचा पार स्वयंपाकाची आवड असलेल्या लोकांचा होता. तो हेलन नावाची एक बाई सांभाळायची. तिथला नियम असा की लिहिणाऱ्याने कारण सांगितल्याशिवाय काही पुसायचं नाही, कारण पूर्वी लोक भांडणात एकमेकांच्या पाककृती रागाने काढून टाकायचे. यंत्र मराठीचं इंग्रजी करून देत होतं, म्हणून शालनने सरळच लिहिलं: "हे माझं नव्हतं. एका घराचं होतं. मला सांभाळायला दिलं होतं आणि माझ्या हातून सुटलं."

तिकडे अजून पहाट होती, म्हणून उत्तर यायला दुपार उलटली. हेलनने लिहिलं होतं, "पुसलं. अकराजणांनी आपल्याकडे उतरवून घेतलं होतं. त्यांना एकेकाला विचारलं. अकराही जणांनी खोडलं. माझ्या आजीचीही अशी एक वही होती."

शालनला तिथेच बाकावर बसून रडू आलं. तिने कधी न पाहिलेल्या, ज्यांच्या गावात हुलगे मिळतही नसतील अशा अकरा माणसांनी बोरगेवाडीच्या एका म्हातारीचा शब्द राखला होता. मुजावर उगाच तारा तपासत राहिले.

राहिलं कोइमतूर. तो पार तिथल्या सगळ्या गलाईवाल्यांचा, आणि सांभाळणारीचं नाव शालनने दोनदा वाचलं. कयल्विळी राजवर्धन बाबर. बायजाबाईंची नातसून.

राजवर्धनने सहा वर्षांपूर्वी कोइमतूरच्याच मुलीशी लग्न केलं होतं. बायजाबाईंची सून आधीच वारली होती, म्हणजे रीतीप्रमाणे प्रमाण आता कयलकडे जायचं. पण बायजाबाई दर वर्षी तिला दोन डबे मसाला द्यायच्या आणि प्रमाणाचं नाव काढायच्या नाहीत. "तिला काय कळायचं आपलं तिखट," एवढंच म्हणायच्या. शालनने फोन लावावा की नाही अशा विचारात असतानाच त्रेचाळिसावी खूण हिरवी झाली. आणि लगोलग कयलचा बोललेला निरोप आला. शालनने तो एकदा ऐकला, मग पुन्हा ऐकला, आणि उठली.

"कुठे?" मुजावरांनी विचारलं.

"आत्यांकडे."

"सगळं पुसलंय, वहिनी."

"माझं पुसलेलं नाही ना," शालन म्हणाली. वाटेत ती डंकावर थांबली आणि लोखंडी पेटीतून बाबरांचा कागद काढून घेतला. सासूच्या हातचा, हळदीच्या डागांचा.

बायजाबाई सोप्यावर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. दिवस कलायला लागला होता. "आलीस व्हय? सकाळधरनं वाट बगतीया. फोन गपच हाय."

"आत्या, निरोप गेला," शालन उभ्यानेच म्हणाली. "पर तुमास्नी सोडून समद्यांस्नी गेला. माझ्या हातनं चूक झाली. चारशे मानसांनी वाचलं असंल."

बायजाबाईंचा हात देठावर थांबला. "हुलगं बी?"

"व्हय."

मग त्यांनी ते देठ खुडून टाकलं. शालनला त्यांनी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, ते अधिक लागलं.

"तुझ्या सासूनं कदी इचारलं न्हाई, हुलगं का म्हनून," बायजाबाई म्हणाल्या. "तूबी न्हाई. बहात्तर सालची गोष्ट हाय. मी सतरा वर्साची, नवी सून. पाऊस न्हाई, पानी न्हाई. मालक कलकत्त्याला, त्यांचाबी पत्त्या न्हाई. बैलं इकली. सासूनं मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला नि म्हनली, घराचं नाव राख. खोबऱ्याची वाटी डोळ्यानं दिसत नव्हती. बैलांचं हुलगं तेवढं उरलं हुतं घरात. त्येच भाजलं नि घातलं. समदं घर जेवलं, कुनाला कळलं न्हाई. म्होरं दिस पालटलं, सोन्यानं घर भरलं. पर चव बदलली असती तर इचारलं असतं की समद्यांनी, आदी काय घालत हुतीस? मग तसंच चालू ठेवलं." त्यांनी हातातली मिरची टोपलीत टाकली. "आता म्हनतील, बाबरांची म्हातारी बैलाचं खाऊ घालती."

शालनने कमरेचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "आत्या, समद्या पारांवरनं पुसलंय. त्रेचाळीस पोचा हायती. पर ह्यो कागद तुमचा तुमास्नी द्यायला आले. यंदाचा मसाला दुसरीकडं कुटला तरी मी काय म्हननार न्हाई. त्वांडानं सांगायचं हुतं, सांगितलं."

बायजाबाईंनी कागदाकडे बघितलं, हात लावला नाही.

"अजून एक हाय," शालन म्हणाली. "कोइमतूरची पोच. तुमच्या कयलची. ती म्हनली, आजींस्नी ऐकवा."

"तिनं वाचलं?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच चढला.

शालनने फोन मधे ठेवला. कयलचं मराठी घरात शिकलेलं, एकेक शब्द नीट ठेवणारं होतं.

"शालनकाकी, आमच्या पारावर पुसायचं ते मी हातानेच पुसते, म्हणून उशीर झाला. पण पुसलं. पोच पाठवली आहे. पण त्याआधी मी ते वाचलं होतं, आणि वाचलेलं पुसायची सोय आमच्या पारावर नाही. म्हणून आजींना सांगा, मला लपवायचं नाही. आणि हुलग्यांचं म्हणाल तर ते मला आधीच माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा बोरगेवाडीला आले, आजींनी आमटी वाढली, तेव्हाच पहिल्या घासाला कळलं. आमच्याकडे घरोघर हुलगे असतात. माझी आई आठवड्यातून दोनदा हुलग्यांचं रसम करते. त्या दिवशी मला तिथलं कुणी ओळखीचं नव्हतं, भाषा येत नव्हती, आणि ताटात माझ्या घरची चव आली. मला फार बरं वाटलं होतं. पण घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. म्हणून मीही बोलले नाही."

निरोप संपला. बायजाबाईंनी पदराने डोळे पुसले, मग मिरचीचा हात लागला म्हणून आणखी पाणी आलं, आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

"सा वर्सं?" त्या म्हणाल्या. "राज्यालाबी न्हाई सांगितलं?"

"त्ये तुमीच इचारा."

"माझ्या फोनवरनं लाव तिला."

पलीकडे कयलने "आजी" म्हटलं. इकडे बायजाबाईंनी टोपलीतली एक मिरची उचलली आणि परत टाकली. शालनला वाटलं, आता या दोघींना कोण बोलतं करणार.

"का गं," शेवटी बायजाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडं हुलगं काळं का तांबडं?"

"दोन्ही मिळतात, आजी. आई काळेच घेते."

"काळंच ब्येस. भाजताना पानी शिपडतीस का न्हाई?"

"आई शिंपडते. मी विसरते."

"इसरायचं न्हाई. मे म्हैन्यात आलीस का दावते." बायजाबाईंनी समोरचा कागद उचलला, घडी घातली आणि शालनच्या हातात परत कोंबला. "ह्ये ने. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. मिरच्या उद्या धाडते."

शालनने कागद कमरेला खोचला. अजून काही म्हणावं, निदान पुन्हा एकदा माफी मागावी, म्हणून ती घुटमळली. बायजाबाईंनी फोनवर तळवा ठेवला.

"शालन, तू जा आता," त्या म्हणाल्या. "आमचं घरातलं बोलनं हाय."

शालन पायऱ्या उतरली. मागे म्हातारी बहात्तर सालापासून सांगायला लागली होती.